ज्यांना रकाना मिळाला नाही

बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर पाली येते. आज इथून सोलापूर–धुळे महामार्ग जातो आणि जवळच बिंदुसरा धरणाचे पाणी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातले काही नव्हते. तेव्हा पाली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. घरात, शेतात, बाजारात मराठी. तहसिलीत आणि कोर्टात उर्दू. राज्यातली मराठी पत्रे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि त्यांचेही आयुष्य थोडे. जगात काय चालले आहे ते आठवडी बाजारात, यात्रेत, कीर्तनात, किंवा नगर-बार्शीकडून आलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडून कळायचे.

याच मुलखाच्या वायव्येला, शिरूर-गेवराईचा पट्टा ओलांडून तेव्हाच्या इंग्रजी हद्दीत शिरले की पाथर्डी, शेवगाव, नेवासे हे नगर जिल्ह्यातले तालुके लागतात. जमीन तीच, दुष्काळ तोच, ऊस यायच्या आधीची ज्वारी-बाजरी तीच. तिथे पाथर्डी तालुक्यातल्या सोमठाणे गावातून २३ नोव्हेंबर १९१० रोजी मुकुंदराव पाटील या पंचविशीतल्या तरुणाने ‘दीनमित्र’ नावाचे साप्ताहिक काढले. पुढे त्याने छापखाना नेवासे तालुक्यातल्या तरवडी या आपल्या गावी नेला आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत पत्र तिथूनच चालवले. तरवडी पालीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात पुणे-मुंबईला जेवढी पाने मिळतात त्याच्या चतुर्थांशही या गावाला मिळत नाहीत. म्हणून पत्रांच्या या गोष्टीची सुरुवात तरवडीपासून केली.

खेड्यातून वर्तमानपत्र काढावे असे कुणाला का वाटावे? त्याचे उत्तर मुकुंदरावांच्या जन्मदात्या वडिलांकडे जाते. कृष्णराव भालेकर हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. समाज निघाला, सभा होऊ लागल्या, ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्ने लागू लागली, तशी पुण्याच्या छापील जगातून टीकेची झोड उठली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने फुल्यांच्या विचारांइतकीच त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवली. या टीकेला उत्तर द्यायचे तर ते छापायचे कुठे? जी पत्रे होती ती ज्या वर्गाच्या हाती होती त्याच वर्गावर बोलायचे होते. भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यातून ‘दीनबंधु’ सुरू केले. ते वर्ष दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचे. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्या कुणब्यांच्या घरात दाणा नव्हता, मग वर्गणी कुठून यावी? पत्र कर्जात बुडाले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन पुन्हा उभे केले, आणि गिरणी कामगारांच्या प्रश्नांना त्यात जागा दिली.

‘दीनबंधु’ची एक हकीकत सहसा झाकून ठेवली जाते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. १८८३ मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापायला नकार दिला. सरकारवर आणि नोकरशाहीवर फुल्यांनी जे लिहिले होते ते पत्राला झेपणारे नव्हते. फुल्यांनी यावर उघड आणि कडक शब्दांत नाराजी नोंदवली. ज्या चळवळीने स्वतःचा रकाना असावा म्हणून पत्र काढले, त्याच पत्राने चळवळीच्या जनकाला रकाना नाकारला. लोखंडे भित्रे नव्हते. गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस. पण पत्र जगवायचे असते, छापखाना जप्त होऊ द्यायचा नसतो, आणि संपादकाची कात्री मग आपल्याच माणसावर चालते.

४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. ‘केसरी’शी भांडलेल्यांची बाजू सांगताना ‘केसरी’चे मोल कमी करायचे कारण नाही. १८९७ मध्ये टिळक ‘केसरी’तल्या लिखाणासाठी तुरुंगात गेले. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सोमठाण्यात ‘दीनमित्र’चा पहिला अंक छापला गेला तेव्हा ते मंडालेला होते. सरकारच्या तोंडावर खरे बोलायची जबर किंमत या पत्राने मोजली. पण म्हणूनच ‘केसरी’वर टीका करणे अवघड होऊन बसले. सरकारशी लढणाऱ्यावर जो बोट ठेवतो तो सरकारचा हस्तक, हे समीकरण पुण्यात पक्के झाले. ब्राह्मणेतर पत्रांवर राजनिष्ठेचा शिक्का बसला. त्यातल्या काहींनी इंग्रज सरकारविषयी नको तितका मवाळपणा दाखवला, हेही खरे आहे. पण गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात ज्याची जमीन अडकली आहे त्याला स्वराज्याच्या आधी दप्तर दिसते. त्याची बातमी ‘केसरी’त येत नव्हती. ती बातमीच नाही, असे तिथे मानले जाई.

मुकुंदरावांनी नेमकी तीच बातमी धरली. १९१३ साली त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ हे काव्य लिहिले. पोथीच्या ओवीत, पोथीच्याच थाटात, वतनी कुलकर्ण्याचे पराक्रम सांगितले. खेड्यातल्या माणसाला पोथी ऐकायची सवय होती. चावडीवर एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे असे ते पुस्तक झाले. सावकारावर त्यांनी ‘शेटजी प्रताप’ लिहिले. ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या कादंबरीतून भिक्षुकीला हात घातला. हे सगळे एक खेडूत संपादक साप्ताहिकाचा गाडा ओढता ओढता करत होता.

हा गाडा किती जड होता याची आज कल्पना येणे कठीण. १९१० सालीच सरकारने नवा प्रेस कायदा केला. नव्या छापखानेवाल्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला मिळाला. त्या काळी खेड्यात ही रक्कम म्हणजे शेत विकण्याची गोष्ट. शिवाय खिळे, कागद आणि शाई शहरातून आणायची. खिळे जुळवणारा माणूस गावात मिळत नाही, तो तयार करायचा. छपाई झाली की घड्या घालून टपालाला द्यायचे. वर्गणीदार शेतकरी, म्हणजे पीक आले तर पैसे. शहरातल्या पत्राला जाहिराती होत्या, वकील आणि सरकारी नोकर हे ठरलेले वर्गणीदार होते. तरवडीच्या पत्राला यातले काही नव्हते. तरीही ते अर्धशतकाहून अधिक काळ चालले.

लोकमान्य मंडालेहून सुटून आले आणि १९१७ मध्ये अथणीच्या सभेत त्यांनी विचारले की कायदे कौन्सिलात जाऊन कुणब्याला नांगर चालवायचा आहे काय, तेल्या-तांबोळ्याला तागडी धरायची आहे काय. भारतमंत्री माँटेग्यू भारतात यायच्या सुमाराचे हे दिवस. जातवार प्रतिनिधित्वाची मागणी पुढे आली होती, तिला उद्देशून ते बोलले. हे शब्द महाराष्ट्रभर पोचले आणि ज्यांना उद्देशून होते त्यांच्या काळजात रुतले. त्याच वर्षी वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ आणि बडोद्यात भगवंतराव पाळेकरांची ‘जागृति’ निघाली, १९१९ मध्ये पुण्यात श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’. १९१० मध्ये सोमठाण्याचा आवाज एकटा होता; दहा वर्षांत त्याच्याभोवती पत्रांचा घोळका जमला.

या घोळक्याकडे मुंबईतला एक प्राध्यापक बारकाईने पाहत होता. डॉ. भीमराव आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवत. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. आंबेडकर नोकरीत असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पहिल्या अंकाचे मनोगत मात्र आंबेडकरांचे होते. त्यात त्यांनी मुंबई इलाख्यातली पत्रे एकेका जातीचे हित पाहतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करत नाहीत, अशी तक्रार मांडली. पुढे बहिष्कृतांच्या प्रश्नांना जागा देणाऱ्या पत्रांची नावेही दिली. त्या यादीत ‘दीनमित्र’ आहे, ‘जागरूक’ आहे, ‘विजयी मराठा’ आहे, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘सुबोध पत्रिका’ आहेत. पण ही पत्रे ब्राह्मणेतरांच्या अनेक जातींचा ऊहापोह करतात, त्यात अस्पृश्यांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. या वाक्यांत कटुता नाही. मित्राच्या घरातही आपल्याला स्वतंत्र खोली नाही, हे समजून घेतलेल्या माणसाचा तो शांत हिशेब आहे. फुल्यांना ‘दीनबंधु’त जे सोसावे लागले त्याची पुढची पायरी इथे दिसते.

‘मूकनायक’ निघणार असल्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, पैसे द्यायची तयारी होती. ‘केसरी’ने ती घेतली नाही. टिळक त्या वेळी हयात होते. ही हकीकत आंबेडकरांनी स्वतः पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये सांगितली. बातमी न छापणे, पत्र न छापणे, लेख परत करणे यासाठी संपादकाकडे जागेचे कारण असते. पैसे देऊन मागितलेली जाहिरात नाकारायला तेही कारण उरत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या पक्षपाताचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

‘मूकनायक’ १९२३ पर्यंत टिकले. आंबेडकर शिक्षण पुरे करायला लंडनला गेले होते आणि मागे पत्र सांभाळणारे हात थोडे होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या पत्रांनी त्याविषयी जे लिहिले त्याला उत्तर देणे भाग होते. दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. आता संपादक म्हणून आंबेडकरांचेच नाव होते. ‘आजकालचे प्रश्न’ या सदरात ते इतर पत्रांचे म्हणणे घेत, मुद्दा मांडत आणि एकेक कडी तोडत. ‘केसरी’, ‘भाला’ आणि बाकीच्यांनी महाडविषयी काय लिहिले आणि त्यात कुठे खोट आहे हे वाचकाला समोरासमोर दिसे. अंकाचे चोवीस रकाने पुष्कळदा त्यांना एकट्याला भरावे लागले, आणि पत्राच्या कर्जाविषयी त्यांनी पत्रातच लिहिले. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते बंद पडले. पुढच्या वर्षी ‘जनता’ निघाले.

हे सगळे सरहद्दीच्या पलीकडे चालले होते. निजामाच्या हद्दीत प्रश्न आणखी अवघड होता. इंग्रजी मुलखात जामीन भरून, कधी तुरुंगात जाऊन पत्र काढता येई. हैदराबादेत साध्या जाहीर सभेलाही परवानगी लागे. ही सक्ती करणारे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक कार्यकर्त्यांना पाठ होते. हैदराबाद शहरात १९२० मध्ये ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघाले आणि त्याने मराठी माणसाला आपसात बोलायला जागा दिली. पण नावातच निजाम असलेल्या पत्राने किती बोलावे यालाही मर्यादा होती. तेलुगू भाषकांसाठी सुरवरम प्रतापरेड्डी यांची ‘गोलकोंडा पत्रिका’ निघाली. संस्थानात तेलुगू कवीच नाहीत असा टोमणा कुणीतरी मारला, तेव्हा प्रतापरेड्डींनी १९३४ मध्ये साडेतीनशेंवर कवींचा संग्रह छापून त्याला उत्तर दिले. राजसत्तेचे मत मांडायला ‘रहबर-ए-दकन’सारखी उर्दू दैनिके होती, आणि सरकारचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते.

मराठवाड्यातले तरुण मग आधी संघटित झाले आणि पत्रासाठी सरहद्दीबाहेर गेले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, ती जातीय संघटना आहे असे कारण दिले, आणि २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. आंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ याच सुमारास शाळा सोडून चळवळीत उतरले. बीड जिल्ह्याला राजकारणाची ओळख झाली ती या शाळेतून. याच वर्षांत आनंद कृष्ण वाघमारे यांनी पुण्यातून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. छापायचे इंग्रजी हद्दीत, वाचायचे निजामाच्या हद्दीत.

निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि पत्र पुन्हा काढले. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. बंदीचा हुकूम एका विशिष्ट नावाच्या पत्रावर निघे. नाव बदलले की हुकूम नव्याने काढावा लागे, आणि तो निघेपर्यंत अंक सरहद्द ओलांडून पोचलेले असत. मजकूर तोच, हात तोच, वाचक तोच. संस्थानात काय चालले आहे हे संस्थानातल्या माणसाला बाहेरून आलेल्या कागदावरून कळत होते. असा कागद जवळ ठेवणेही धोक्याचे होते. बीड जिल्ह्याची पश्चिम हद्द नगरला भिडलेली. आष्टी, पाटोदा, पाथर्डी या पट्ट्यात सोयरिकी दोन्हीकडे होत्या, बाजार दोन्हीकडे होते. सरकारी नकाशावरची रेघ बैलगाडीला फारशी अडवत नसे.

हैदराबादच्या या कहाणीत शोएबुल्ला खान यांचे नाव घेतलेच पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय ती उर्दू विरुद्ध मराठी अशी चुकीच्या वळणाने वाचली जाते. हा तरुण उर्दूतच लिहीत होता. मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रयत’मध्ये त्याने काम केले, त्या पत्रावर बंदी आली. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने ‘इमरोज’ हे दैनिक काढले. त्याच महिन्यात निजामाने भारताशी जैसे थे करार केला होता, आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र दलाचा जोर वाढत होता. रझाकारांच्या अत्याचाराच्या बातम्या ‘इमरोज’ उर्दूत, म्हणजे त्यांच्याच वाचकांसमोर, छापत राहिला. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे सांगणारे काही मुस्लिम पुढाऱ्यांचे निवेदन त्याने ऑगस्ट १९४८ मध्ये छापले. विरोधात उठणारे हात तोडले जातील, अशा जाहीर धमक्या रझवीच्या भाषणांतून येत होत्या. २१ ऑगस्टच्या रात्री कार्यालयातून घरी जाताना शोएबुल्ला खान यांना गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. ते २७ वर्षांचे होते. महिना उलटायच्या आत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम शरण आला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवशी बीड-आंबाजोगाईत ध्वजवंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्यात या संपादकाचे नाव जितक्या वेळा यायला हवे तितके येत नाही.

मुक्तीनंतर ‘मराठवाडा’ स्वतःच्या भूमीवर आला आणि औरंगाबादेत स्थिरावला. अनंत भालेराव त्याचे संपादक. स्वातंत्र्यसंग्रामातले सैनिक, आणि विलक्षण गद्य लिहिणारा माणूस. १५ ऑगस्ट १९६८ रोजी पत्र दैनिक झाले. विभागाचा अनुशेष, दुष्काळ, रेल्वे, सिंचन, पुण्या-मुंबईच्या सत्तेकडून होणारी हेळसांड, हे सगळे त्याने लावून धरले. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. पालीसारख्या गावातल्या वाचकाला आपले म्हणता येईल असे दैनिक पहिल्यांदाच मिळाले होते, आणि त्या दैनिकाच्या शब्दाला वजन होते. ते वजन त्याने बंदीच्या वर्षांत कमावले होते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या अजूनही विसरता येत नाही. ‘मराठवाडा’ दैनिकाने नामांतराला विरोध केला. प्रादेशिक अस्मितेचा त्याचा युक्तिवाद प्रामाणिक असेलही. निजामाशी लढून मिळवलेल्या नावाविषयीचे ममत्व मी समजू शकतो. पण जळणाऱ्या वस्तीतल्या माणसाला त्या रकान्यात आपली बाजू दिसली नाही. सरहद्द चुकवून चोरून येणारे, नावे बदलून जगणारे ते पत्र आता विभागातले सर्वांत बलाढ्य पत्र होते, आणि दुबळ्याच्या विरुद्ध उभे होते. भालेरावांविषयी मनापासून आदर असूनही मला हे लिहावे लागते. ‘दीनबंधु’ने फुल्यांच्या बाबतीत केले तेच इथे घडले, फक्त या वेळी किंमत कुणाच्या तरी घराची आणि जिवाची होती.

त्याच औरंगाबादेत, १९५० मध्ये आंबेडकरांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, गंगाधर पानतावणे नावाचे प्राध्यापक १९६७ पासून ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालवत होते. दैनिकांनी आणि प्रतिष्ठित मासिकांनी ज्यांना घेतले नसते अशी खेड्यापाड्यांतली मुले त्यात लिहीत. कित्येकांच्या घराण्यातला हा पहिलाच छापील शब्द होता. पानतावणे त्यांच्या कविता-कथा वाचत, दुरुस्त्या सुचवत. वर्गणी गोळा करणे, अंक टपालात टाकणे, हेही बरेचसे त्यांच्याच माथी. पुढे ‘अस्मितादर्श’चे मेळावे गावोगाव भरू लागले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. ‘अस्मितादर्श’ त्यानंतरही निघत राहिले, आणि २०१८ मध्ये पानतावणे गेले तोवर त्याला पन्नास वर्षे होऊन गेली होती.